ऑरलँडोला रेस्टॉरंट कंपनीच्या प्रोजेक्टवर यायचं म्हणताय? मग आधी डार्डनचा इतिहास बघा

तुमचा प्रश्न वाचला. पुण्यात आयटीत आहात, कंपनी ऑरलँडोला क्लायंटच्या ऑफिसात पाठवतेय, क्लायंट म्हणजे मोठी रेस्टॉरंट कंपनी, नाव सांगता येत नाही (सांगूही नका), वहिनी आणि दोन शाळकरी पोरं सोबत येणार. घरचे म्हणतात जा बिनधास्त, लोक जेवायचं थोडंच सोडणारेत, आणि मित्र म्हणतो अरे तिकडे रेड लॉबस्टर या माशांच्या हॉटेल-चेनचं दिवाळं वाजलं, कशाला जातोस. मी इथे बरीच वर्षं आहे, याच धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मला विचाराल तर दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. का ते सांगायला जरा मागे जावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

आपल्याला ऑरलँडो म्हणजे डिस्ने एवढंच माहीत असतं. पण टेबलावर बसायचं, वेटर येणार, तरी चारजणांच्या कुटुंबाला परवडणार, या ज्याला इथे कॅज्युअल डायनिंग म्हणतात त्या धंद्याचं हे एक मोठं गाव आहे, आणि त्याचं कारण डार्डन, म्हणजे अशा हॉटेल-चेन चालवणारी इथली कंपनी. बिल डार्डन म्हणून एक माणूस, त्याने १९३८ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी जॉर्जियातल्या वेक्रॉस गावात 'ग्रीन फ्रॉग' नावाचं छोटंसं हॉटेल टाकलं. मग बरीच हॉटेलं करून १९६८ मध्ये चार्ली वूड्सबीला सोबत घेऊन फ्लोरिडातल्या लेकलंडला पहिलं रेड लॉबस्टर उघडलं. लेकलंड इथून गाडीने तासाभरावर, आणि गंमत म्हणजे तिथे समुद्र नाही. मासे विकायचे ते किनाऱ्यापासून आत, आणि तेही साध्या नोकरदार माणसाला परवडतील अशा भावात, हाच तर डाव होता.

दोनच वर्षांत, १९७० मध्ये, जनरल मिल्सने ती कंपनी विकत घेतली. जनरल मिल्स म्हणजे सिरियलवाले, आपल्याकडे पिल्सबरी आटा मिळतो ना, तेच. तेव्हा रेड लॉबस्टरची हॉटेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मिल्सवाल्यांनी पैसा तर आणलाच, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट आणली ती कारखान्याची शिस्त. म्हणजे पदार्थ आधी टेस्ट किचनमध्ये ठरणार, खरेदी एका जागेवरून होणार, आणि टेक्सास असो की ओहायो, ताटात तेच पडणार. डिसेंबर १९८२ मध्ये इथेच इंटरनॅशनल ड्राइव्हवर पहिलं ऑलिव्ह गार्डन, म्हणजे इटालियन जेवणाचं हॉटेल, निघालं. म्हणजे हे कुठल्या इटालियन आजीचं हॉटेल वगैरे नाही, पीठवाल्या कंपनीने विचार करून काढलेलं प्रॉडक्ट आहे. इथले इटालियन लोक नाकं मुरडतात, मुरडू देत, आपल्या शाकाहारी मंडळींचं तिथे मस्त चालतं. मिनेस्ट्रोनी म्हणजे भाज्यांचं सूप, सॅलड आणि गरम ब्रेडस्टिक्स, तिन्ही हवं तितक्या वेळा, वेटर टेबलाशी येऊन तुम्ही बस म्हणेपर्यंत चीज किसत राहतो आणि आपली आईबाबा कंपनी त्याला बस म्हणायलाच लाजते. लाल मिरचीचे फ्लेक्स मागून घ्या म्हणजे झालं.

सगळंच चाललं असंही नाही. चायना कोस्ट म्हणून चिनी जेवणाची चेन काढली, पन्नासेक हॉटेलं झाली आणि १९९५ मध्ये सगळी एका फटक्यात बंद. त्याच वर्षी जनरल मिल्सने हॉटेलांचा धंदा वेगळा काढून शेअर बाजारात आणला आणि वर्षभरापूर्वी वारलेल्या बिल डार्डनचं नाव त्याला दिलं. पहिला सीईओ जो ली, म्हणजे लेकलंडच्या त्या पहिल्या हॉटेलचा मॅनेजर. अशी माणसं इथे दिसतात, भांडी घासण्यापासून सुरू करून वर गेलेली, तेव्हा मिटिंगमध्ये कोणी ऑपरेशन्सवाला असेल तर त्याला कमी समजू नका, त्याला तुमच्या सिस्टिमची अडचण तुमच्या आधी कळते.

आता तुमच्या कामाचा भाग. डार्डन ब्रँड घेते आणि ब्रँड सोडते, भावनेत अडकत नाही. १९९९ ला स्मोकी बोन्स काढलं, जमेना म्हटल्यावर विकून टाकलं. २००७ मध्ये लाँगहॉर्न स्टेकहाऊस आणि कॅपिटल ग्रिल विकत घेतले, २०१२ मध्ये यार्ड हाऊस, २०१७ मध्ये चेडर्स, २०२३ मध्ये रूथ्स क्रिस, २०२४ मध्ये चुईज. आणि २०१४ मध्ये, जिच्यावर सगळं उभं राहिलं ती रेड लॉबस्टरच २१० कोटी डॉलरला गोल्डन गेट कॅपिटल नावाच्या प्रायव्हेट इक्विटीवाल्यांना (म्हणजे कंपन्या विकत घेऊन त्यावर नफा कमावणाऱ्यांना) विकून मोकळे झाले. घेणाऱ्यांनी काय केलं, तर हॉटेलांखालच्या जागा लगेच दुसऱ्या कंपनीला दीडशे कोटींना विकल्या आणि त्याच जागा भाड्याने घेतल्या. म्हणजे वाडा विकायचा आणि त्याच वाड्यात भाडेकरू म्हणून राहायचं. वाडा विकल्याचे पैसे गेले सौद्यात, भाडं मात्र हॉटेलांच्या गळ्यात.

या विक्रीवरून इथे जे रामायण झालं ते वाचण्यासारखं आहे. स्टारबोर्ड व्हॅल्यू नावाच्या फंडाकडे डार्डनचे दहा टक्केसुद्धा शेअर नव्हते, पण भागधारकांना न विचारता विकलं म्हणून ते खवळले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये जवळजवळ तीनशे पानांचं प्रेझेंटेशन काढलं, त्यात ऑलिव्ह गार्डनचं नुसतं पोस्टमॉर्टेम. पास्ता उकळायच्या पाण्यात मीठच घालत नाहीत, कारण मीठ न घातल्यास भांड्यांची वॉरंटी जास्त मिळते! ब्रेडस्टिक्स गरजेपेक्षा जास्त आणून ठेवतात, त्या गार होऊन फुकट जातात. लोक हसले, पण ऑक्टोबरमध्ये मतदान झालं तेव्हा बोर्डाच्या बाराच्या बारा जागा स्टारबोर्डच्या माणसांनी जिंकल्या. एवढ्या मोठ्या कंपनीचं अख्खं बोर्ड असं बदलणं फार क्वचित होतं. मिठाचा मुद्दा मला अजून आवडतो, कारण कोणीतरी एक्सेलमध्ये भांड्यांचा खर्च वाचवला आणि त्याला पगार ज्या पदार्थामुळे मिळतो त्याची चव घालवली, आणि असे लोक प्रत्येक हेड ऑफिसात असतात, तुमच्याही क्लायंटकडे भेटतील.

रेड लॉबस्टरचं पुढे काय झालं ते तुमच्या मित्राला माहीतच आहे, फक्त तो म्हणत असेल की फुकट कोळंबीने बुडवलं. जून २०२३ मध्ये वीस डॉलरमध्ये हवी तितकी कोळंबी ही स्कीम त्यांनी कायमची केली, मालक तेव्हा थाय युनियन, म्हणजे स्वतःच कोळंबी विकणारे, आणि त्यात एक कोटी दहा लाख डॉलरचा खड्डा पडला. पण एवढ्याने कंपनी बुडत नाही हो. २००३ मध्ये डार्डनच्याच काळात खेकड्यांच्या अशाच स्कीममध्ये हात पोळले होते, तेव्हा रेड लॉबस्टरच्या प्रमुखबाईंना जावं लागलं पण चेन तरली. या वेळी गिऱ्हाईक आधीच कमी झालेलं, वरून बाजारभावापेक्षा जास्तीची भाडी, जिथे धंदा नाही त्या जागांचीसुद्धा. मे २०२४ मध्ये इथल्याच कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज गेला, त्याच्या आधीच्या काही दिवसांत ढिगाने हॉटेलं बंद, आतल्या टेबलखुर्च्या आणि फ्रायर ऑनलाईन लिलावात. सप्टेंबरमध्ये नवे मालक आणि दामोला अदामोलेकुन हा नवा सीईओ घेऊन ती बाहेर आली, अजून चालू आहे. आता कोणी म्हणेल जागा तर डार्डननेही वेगळ्या काढल्या, २०१५ मध्ये फोर कॉर्नर्स नावाची कंपनी करून. हो काढल्या, पण त्यांची बाकी घडी शाबूत होती, गिऱ्हाईक येत होतं. भाडं जड होतं ते गल्ला रिकामा असला की.

म्हणून तुम्हाला मॅनेजरला विचारायचं ते हे, की माझं काम कुठल्या एका ब्रँडचं आहे की सगळ्या ब्रँडना मिळून वापरायच्या सिस्टिमचं. पेरोल, खरेदी, पीओएस (हॉटेलातली बिलिंग यंत्रणा), ऑनलाईन ऑर्डर ही कामं सामाईक असतात, ब्रँड आला गेला तरी ती राहतात, उलट नवा ब्रँड घेतला की त्याला जुन्या सिस्टिममधून काढून आपल्यात आणायचं काम वाढतं, आणि विकला की ठरावीक मुदतीत सगळं सोडवून द्यायचं. या दोन्ही काळात आमच्यासारख्यांची चांदी. पण मुदत संपली की प्रोजेक्टही संपतो, तेव्हा तुम्हाला आणतायत ते जोडणीसाठी, तोडणीसाठी की रोजच्या कामासाठी, हे स्पष्ट करून घ्या. एकाच लहान ब्रँडचं काम असेल तर मी दोनदा विचार करीन. बहामा ब्रीझ इथलंच, १९९६ चं, २०२५ मध्ये त्याची पंधरा हॉटेलं एकदम बंद केली. आणि 'लोक जेवणारच' म्हणणाऱ्या घरच्यांना २०२० चा मार्च आठवून द्या, टेबलं रिकामी झाली तेव्हा कात्री हेड ऑफिसलाही लागली. आणि कंत्राटी माणूस बऱ्याचदा आधी जातो.

व्हिसा कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीत, तेच खरं सगळ्यात महत्त्वाचं. एल-वन (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) असेल तर तो तुमच्या कंपनीला बांधलेला, इथे बसून दुसरीकडे उडी मारता येत नाही, शिवाय एल-वन-बीवर (त्यातला विशेष ज्ञान असलेल्यांचा प्रकार) क्लायंटच्या ऑफिसात बसवायला कायद्याने बंधनं आहेत, तेव्हा एचआरला लेखी विचारा. फायदा एवढा की वहिनींना एल-टूवर (त्याचा जोडीदाराचा व्हिसा) लगेच काम करता येतं. एच-वनवर (नोकरीचा दुसरा व्हिसा) त्यांना जोडीदाराचा एच-फोर, त्यात तुमचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापर्यंत गेल्याशिवाय काम नाही. शिवाय बाहेरून येणाऱ्या नव्या एच-वनवर २०२५ च्या सप्टेंबरात एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, ती तुमच्या केसला लागते का, आणि लागली तर कोण भरणार, हेही आधीच.

वहिनींनी हॉटेलात पार्टटाईम वगैरे डोक्यात घेतलं असेल तर एक समजून घ्या, वेटरचा पगार मालक अर्धवट देतो, बाकी टिप. केंद्राचा टिपवाल्यांचा किमान दर १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकलाय, फ्लोरिडात २०२० च्या मतदानामुळे बराच जास्त आहे आणि अजून वाढतोय. (म्हणून जेवायला गेलात की अठरा-वीस टक्के टिप ठेवा, त्यात काटकसर करू नका, आपलं नाव खराब होतं.) मजुरी महागली की कंपन्या टेबलावर टॅब्लेट बसवतात, ऑलिव्ह गार्डनने २०१५ पासून बसवले, म्हणजे तिकडचा घाम इकडे आपल्या कोडमध्ये येतो.

गावाबद्दल थोडक्यात. राज्याचा इन्कम टॅक्स नाही, पण कार आणि घर दोन्हीचा इन्शुरन्स टोचतो. गाडीशिवाय पान हलत नाही. हवा कोकणासारखी, मे ते ऑक्टोबर घाम आणि पाऊस, जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन. पोरांच्या शाळा पत्त्यावरून ठरतात म्हणून घर आधी घेऊ नका, शाळा बघून घ्या.

माझं मत विचाराल तर या, पण वर्षभर तरी पुण्यातला फ्लॅट विकू नका आणि करारात परतीच्या तिकिटाचं लिहून घ्या. एचआरचं उत्तर आलं की व्हिसाचा प्रकार आणि क्लायंटचा करार किती दिवसांचा तेवढं कळवा, क्लायंटचं ऑफिस गावाच्या कुठल्या बाजूला आहे तेही, मग घर कुठे बघायचं ते सांगतो.