बॅरलचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी

पत्र: दिंडोरी तालुक्यात आमची घरची वायनरी आहे, चार एकर शिराझ आणि कॅबर्ने, म्हणजे रेड वाइनची द्राक्षं. फ्रेंच ओकची दहा बॅरल घ्यायची आहेत, खर्च साधारण १० लाख. १२ लाखांची एफडी मोडू, की सीसीतून (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसं उचलायचं धंद्याचं कर्ज) पैसे उचलू? सीसी ६० लाखांची, व्याज ११ टक्के, घर तारण. सीसी मंजूर करताना बँकेनेच एक पॉलिसी काढून दिली: वर्षाला ३ लाख, १० वर्षं, विसाव्या वर्षी ६३ लाख मिळतील, विमा ३० लाखांचा. दोन हप्ते सीसीतूनच भरले. वय ४२.

उत्तर: खरी गळती पत्राच्या शेवटच्या दोन-तीन ओळींत आहे.

३० लाख भरून ६३ लाख, म्हणजे "दुपटीच्या वर" असं तुम्हाला सांगितलं असणार. वीस वर्षांचा हिशोब केला तर परतावा पाच टक्क्यांच्याही आत येतो. आणि तो मिळवायला तुम्ही ११ टक्क्यांनी पैसे उचलताय! शिवाय धंद्याच्या कर्जातून घरचा विमा भरला की त्या रकमेवरचं व्याज धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. बँकेच्या लेखी तर तो निधी दुसरीकडे वळवणंच झालं.

दोन हप्त्यांनंतर सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच बंद केली, तर भरलेल्या ६ लाखांतले निदान तीस टक्के, म्हणजे १.८ लाख, हातात यावेत. विमा कंपनीकडून नेमका आकडा लेखी मागवा. चार लाख बुडाले म्हणून जीव हळहळेल, पण ते गेलेच आहेत. उरलेले आठ हप्ते उचललेच नाहीत आणि हे १.८ लाख सीसीत भरले, तर ११ टक्क्यांनी विसाव्या वर्षापर्यंत १ कोटी २० लाखांच्या वर फरक पडतो. पॉलिसी देणार ६३.

विम्याचंही तेच. कर्ज ६० लाख आणि विमा त्याच्या निम्मा; उद्या तुम्हाला काही झालं तर घर बँकेच्या ताब्यात. दीड कोटीची टर्म पॉलिसी, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, घ्या; या वयाला वर्षाला तीस-चाळीस हजारांत बसावी. ती हातात पडल्यावरच जुनी सरेंडर करा, आधी नको.

आता बॅरल. दहा बॅरलमध्ये २,२५० लिटर, म्हणजे ३,००० बाटल्या. ओकचा स्वाद तीन भरण्यांपर्यंत नीट उतरतो, तेव्हा ९,००० बाटल्या धरा. वर्षाला एक भरणी धरली तर तीन वर्षांचं व्याज मिळून सव्वातेरा लाख, बाटलीमागे दीडशे रुपये. बॅरलमधून उडून जाणारी घट आणि ती भरून काढायला वरून ओतावी लागणारी (टॉपिंगची) वाइन वेगळी. वितरक बाटलीमागे दीडशे जास्त देतो का? ते लेखी नसेल तर दहा घेऊ नका. तीन घ्या, बाकीच्या वाइनला स्टीलच्या टाकीत ओकच्या पट्ट्या लावा.

सीसीतून तर मुळीच नको. बॅरलमध्ये वर्ष-दीड वर्ष पडून राहणारा माल बऱ्याच बँका जुना साठा म्हणून ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे साठ्यावर सीसीतून किती उचलता येईल त्या हिशोबात, धरत नाहीत. बॅरल भरली की उचल घटते, तीही नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये, काढणीची मजुरी द्यायची असते तेव्हा. मुदत कर्ज घ्या, पाच वर्षांचं.

एफडीला हात लावू नका. काढणीच्या तोंडावर गारपीट झाली तर त्या वर्षी तेवढाच पैसा तुमच्या हातात असेल.