लेकीला ग्रंथपाल व्हायचंय, आणि चळवळही सोडायची नाही

कसबा बावड्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी इतिहास घेऊन बी.ए. झाली. वडिलांच्या मनात एमपीएससी आहे. ती मात्र लायब्ररीचा कोर्स करणार, मोडी शिकणार, चळवळींची जुनी कागदपत्रं गोळा करणार आणि ज्या संघटनेत आहे तिचं कामही चालू ठेवणार म्हणते. बिंदू चौकात निदर्शनं असली की ही पुढं. वडील विचारतात, ‘पुस्तकं सांभाळणाऱ्याला राजकारण कशाला? आणि यात पोट भरेल का?’

सप्रेम नमस्कार.

पोटाचं आधी बोलू, कारण खरी काळजी तीच आहे. पदवीनंतर बी.लिब., मग एम.लिब. आपल्या शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे, म्हणजे शिकायला कोल्हापूर सोडावं लागणार नाही. एम.लिब.ला ५५ टक्के मिळाले आणि त्याच विषयात नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा झाली की महाविद्यालयाच्या ग्रंथपालपदाला ती पात्र ठरते. तिथं सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. हा आकडा वाचून लगेच खूश होऊ नका. जागा थोड्या, भरती रखडते आणि एका जागेला अर्ज ढीगभर. सार्वजनिक वाचनालयांचं चित्र आणखी वेगळं. अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार मिळणाऱ्या सरकारी अनुदानावर ती चालतात आणि त्यातून कर्मचाऱ्याच्या हाती जे पडतं त्याला पगार म्हणायचं धाडस होत नाही. नुसत्या त्याच्यावर घर चालणार नाही, हे मुलीला आजच सांगा.

मोडीचा हट्ट मात्र मला आवडला. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं कोल्हापुरात कार्यालय आहे. करवीर संस्थानचे कागद तिथं रुमालात बांधून ठेवलेले आहेत आणि ते वाचू शकणारी माणसं मोजकी उरलीत. संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा गावोगाव मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, आठवत असेल. लाखो लोकांचं पुढचं राजकारण जुन्या दप्तरातल्या एकेका ओळीवर येऊन थांबलं होतं.

तुमच्या राजकारणाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आलं. उरलेलं अर्धं कोल्हापूरच्याच इतिहासात आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा या संस्थानानं १९४५ मध्येच केला. मद्रासचा आला १९४८ ला, महाराष्ट्राचा १९६७ ला. सामान्य माणसाच्या वाचनाची सोय ही सरकारची जबाबदारी आहे, असं कायद्यात लिहून घेणं हे राजकारण नव्हे तर काय?

आता रोजच्या कामातलं उदाहरण घ्या. सरकारी कचेरीतल्या कागदांचे वर्ग ठरलेले असतात. अ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ब ३० वर्षं, क १० वर्षं, क-१ पाच वर्षं आणि ड एक वर्ष. आंदोलक वर्षानुवर्षं मोर्चे काढतात, मग कुणीतरी माहिती अधिकारात अर्ज टाकतं आणि उत्तर येतं, ‘अभिलेख मुदतीनंतर नष्ट केला.’ सगळं नियमाप्रमाणे! कुठला कागद किती दिवस जिवंत राहतो हे ठाऊक असलेली एक व्यक्ती संघटनेत असती, तर अर्ज वेळेत गेला असता. त्याच माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की कार्यालयांनी अभिलेखांची सूची आणि अनुक्रमणिका करून ठेवावी. या कलमासाठी भांडायला ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाइतकं लायक कोण? माहिती अधिकारावर तावातावानं बोलणाऱ्यांनीही हे कलम सहसा वाचलेलं नसतं.

तेव्हा दोन्ही कामं एकत्र होऊ शकतात. अडचण आहे ती वेगळीच, आणि ती मुलीनंच समजून घ्यायला हवी, म्हणून पुढचं तिला वाचायला द्या.

बाळ, संग्रहाची किल्ली ज्याच्या हातात, त्याच्यावर विरोधकाचाही विश्वास बसायला हवा. कुणबी नोंदीचंच बघ. नोंद सापडली तर एक बाजू खूश, नाही सापडली तर दुसरी. तू कुठल्या बाजूच्या मोर्चात होतीस हे गावाला ठाऊक असणार. अशा वेळी तू वाचलेली ओळ जशी आहे तशीच उतरवतेस, याबद्दल कुणाला शंका उरता कामा नये. चळवळीचा संग्रह करणार असशील तर तुझ्या संघटनेच्या पत्रकाशेजारी विरोधकांचं पत्रकही ठेव. त्यावरही तारीख, ठिकाण आणि ते कुणी दिलं हे लिही. मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलीनं. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर अजिबात नको. तुमच्या नेत्याला अडचणीचा ठरणारा ठराव इतिवृत्तात असेल, तर तोही राहिला पाहिजे. ‘ते पान काढून टाक’ असं सांगणारे तुला आपल्याच लोकांत भेटतील. तिथं जिला नाही म्हणता येत नाही, तिनं कार्यकर्ती खुशाल व्हावं, अभिलेखपाल होऊ नये.

दुसरी गोष्ट नावांची. बैठकीची हजेरी, वर्गणीची वही, फोटो यांत जिवंत माणसं असतात, काहींच्यावर केसेस चालू असतात. काय आज उघडायचं आणि काय बंद ठेवायचं, हे देणाऱ्याशी बोलून लेखी ठरव. वाचनालयात कोण कुठलं पुस्तक नेतं, हेही चहाच्या गाड्यावर बोलायचं नसतं.

अमेरिकेत ॲग्नेस इंग्लिस नावाच्या बाई होऊन गेल्या. सधन घरातल्या, पण विचारानं अराज्यवादी, कामगार चळवळीत मुरलेल्या. जो लबाडी (आडनावाला हसू नका) या कामगार कार्यकर्त्यानं आपला संग्रह १९११ मध्ये मिशिगन विद्यापीठाला दिला होता. इंग्लिसबाईंनी तो १९२४ मध्ये पाहिला तेव्हा त्याला कुणी हातही लावला नव्हता. १९५२ मध्ये वारल्या तोवर त्या तो लावत राहिल्या, जुन्या कार्यकर्त्यांना पत्रं लिहून आणखी कागद मागवत राहिल्या. तो संग्रह आज जगभरचे अभ्यासक वापरतात. पण बाईंच्या मागं घरचा पैसा होता, हे विसरून त्यांचा कित्ता गिरवायला जाऊ नकोस.

आता पुन्हा तुमच्याशी. नोकरी कुठली यावर बरंच अवलंबून आहे. पुराभिलेख खात्यात किंवा कुठल्याही सरकारी ग्रंथालयात लागली तर १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम लागू होतात. राजकीय पक्षाचं सदस्यत्व नाही, प्रचार नाही. तिथं तिला निवड करावीच लागेल. एमपीएससीतून अधिकारी झाली तरी हेच, तेव्हा तो रस्ता धरला की चळवळही आपोआप सुटेल, असा तुमचा हिशेब असेल तर तो बरोबर आहे! फक्त तिलाही तो कळतो. अनुदानित महाविद्यालयात संस्थेचे आणि विद्यापीठाचे नियम पाहावे लागतात, ते नेमणुकीची ऑर्डर घेण्याआधी वाचावेत. विश्वस्त संस्थेच्या वाचनालयात मोकळीक जास्त, पैसे कमी.

माझ्या मते तिनं आधी एम.लिब. आणि सेट पुरं करावं, त्याच काळात मोडी शिकावी. तोवर संघटनेत पद घेऊ नये, कागदांचं काम घ्यावं. आणि दस्तऐवज वाचून देण्याची लहानसहान कामं पैसे घेऊनच करावीत, अगदी ओळखीच्यांचीसुद्धा. कायमची नोकरी लागेपर्यंत घरातून मदत लागणार. ती दरमहा किती आणि कुठल्या वर्षापर्यंत, हे तुम्ही दोघांनी प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी बसून ठरवा.