चष्मा, दुर्बीण आणि ती काळी कड

प्रश्न : मला दोन्ही डोळ्यांना मायनस तीन नंबर आहे, थोडा सिलिंडरही (एकाच दिशेचा जादा नंबर) आहे. डिसेंबरात भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलो, पण नव्या १०×२५ (दहापट, पुढची काच २५ मिमी) दुर्बिणीतून चष्मा घालून बघितलं की मधे एक छोटं भोक आणि बाकी सगळा काळोख. चष्मा काढला की चित्र मोठं होतं पण जरा पुसट, आणि दुर्बीण खाली घेतली की पक्षी कुठे गेला तेच कळत नाही. दुसरी घेऊ का? स्कोपचाही (ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) विचार आहे.
– एक वाचक, बारामती

उत्तर : थांबा, पैसे नंतर घालवा. आधी डोळ्याला लागतात ते कप खाली केलेत का? काही फिरवून खाली जातात, काही रबरी असतात ते दुमडायचे. हसू नका, मी स्वतः दोन सीझन कप वर ठेवूनच बघत होतो आणि भिगवणजवळच्या कुंभारगावच्या नावाड्याने शेवटी न राहवून सांगितलं, "साहेब, ते रबर खाली करा की."

त्याचं कारण असं की दुर्बिणीतलं पूर्ण चित्र डोळ्याकडच्या काचेपासून ठराविक अंतरावरच दिसतं, त्याला आय रिलीफ म्हणतात, आणि चष्म्यामुळे तुमचा डोळा आधीच बारा-तेरा मिलिमीटर मागे असतो, त्यात कप वर असले तर संपलंच. घरी बघायचं असेल तर कप खाली करा, दुर्बीण उजेडाच्या खिडकीकडे धरा आणि डोळ्याकडच्या काचेमागे पांढरा कागद धरून पुढेमागे सरकवा, उजेडाचा गोल सगळ्यात ठळक दिसेल तिथून कपच्या कडेपर्यंत पट्टीने मोजा. पंधरा-सोळा मिलिमीटरच्या आसपास आलं तर काम होईल. खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये बहुतेकदा एवढं मिळत नाही, त्यामुळे तुमची बदलावी लागेल असंच वाटतंय.

मग ८×४२ बघा. दहापट ऐवजी आठपट म्हणून नाक मुरडू नका, हात हलला तरी चित्र कमी हलतं आणि डोळ्यात येणारा उजेडाचा झोत ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, तुमच्या आत्ताच्या दुर्बिणीत तो फक्त अडीच आहे, म्हणून डोळा जरा सरकला की काळं होतं. दुकानात चष्मा घालूनच जा, आणि प्रोग्रेसिव्ह असेल तर वरच्या भागातून बघा, खालचा वाचायचा भाग मधे आला तर चांगली दुर्बीणही धुरकट वाटते.

चष्मा काढून बघणं चूक नाही, मायनसचा नंबर फोकसच्या चाकाने भरून निघतो. सिलिंडर मात्र निघत नाही, तुमचं चित्र त्यामुळेच पुसट दिसत असावं. आणि खरी गंमत म्हणजे चष्मा वर-खाली करेपर्यंत धीवर उडालेला असतो!

स्कोप एवढ्यात नको. २० ते ६० पट झूमचे आयपीस (डोळ्याकडचं भिंग) मिळतात, त्यातल्या बऱ्याचशांत आय रिलीफ कमी असतो आणि ६० मिमीच्या स्कोपमध्ये साठपटीला झोत जेमतेम एक मिलिमीटर उरतो, त्यात भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर दहा वाजले की हवा थरथरते, मग पन्नासपट काय आणि साठपट काय. घ्यायचाच असला तर चष्मेवाल्यांसाठी लांब आय रिलीफचा, एकाच पटीचा आयपीस मागा, पंचवीस-तीसच्या आसपासचा, आणि ट्रायपॉड जड घ्या. हलका घेतलात तर बांधावरच्या वाऱ्यात तोच नाचत बसेल.