कॅथलिक लोक मरणानंतरच्या जीवनावर खरंच विश्वास ठेवतात का? मग उपवासकाळाचे चाळीस दिवस मरणाचंच का बोलतात?

तुमच्या प्रश्नात ‘खरंच’ हा शब्द नसता तर मी पुढे गेले असते. १३ वर्षांपूर्वी गुड फ्रायडेच्या पहाटे माझ्या दादानं आईच्या उशाशी उभं राहून हाच शब्द वापरला होता. “तुझा खरंच विश्वास आहे ना? मग रडतेस कशाला?” तेव्हा मला काही बोलता आलं नाही. त्याला द्यायचं उत्तर तुम्हाला देते आहे, तेव्हा थोडं लांबेल.

आधी सोपा भाग उरकते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आम्ही मरणाचंच बोलतो, हे अर्धंच खरं आहे. त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावताना फादर दोनांपैकी एक वाक्य म्हणतात. एक, “तू माती आहेस आणि मातीला जाऊन मिळशील”, आणि दुसरं, “पश्चात्ताप कर आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेव”. हल्ली दुसरंच जास्त ऐकू येतं, पहिलं लोकांना जड जातं म्हणे. जड जायलाच हवं. पण हा काळ मुळात ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीचा. बायबलच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रातल्या पहिल्या वर्षी तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी काय वाचतात ते बघा. विहिरीवरची शमरोनी बाई, जन्मांध माणूस, आणि येशूनं थडग्यातून जिवंत उठवलेला लाजरस. म्हणजे आधी पाणी, मग दृष्टी, मग जीवन. हा क्रम काही मरणाच्या दिशेनं जात नाही. आणि चाळीस म्हणाल तर राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात, त्यातले ६ रविवार उपवासात धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस, उपवासकाळातसुद्धा.

(जाता जाता, “मी यंदा गोड सोडलंय” असं चारचौघांत सांगत फिरणाऱ्यांबद्दल: वजन कमी करायचं असेल तर तसं सांगा, येशूला मध्ये आणू नका.)

आता आई. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, ५० वर्षं वेदीची कापडं तिनं धुतली, इस्त्री केली, घड्या घातल्या. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या वाळलेल्या झावळ्या गोळा करून त्यांची राख करणं, ती चाळणं, हेही तिचंच काम. उपवासकाळात वेदीवर फुलं नाहीत म्हणजे नाहीत. एका नवीन बाईनं हौसेनं दोन फुलदाण्या ठेवल्या तर आईनं त्या स्वतः उचलून बाहेर नेल्या आणि चौथ्या रविवारी परत आणून ठेवल्या, कारण त्या रविवारी चालतात. अशी नियमाला पक्की. आणि मरणाला घाबरायची, हेही सांगून टाकते. लाजरसाचं वाचन झालं की दरवेळी घरी येऊन म्हणायची, “बिचाऱ्याला परत एकदा मरावं लागलं असेल गं.” विश्वास असला की भीती जाते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आयुष्यभर चर्चला गेलेल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर रात्री बसून बघावं.

त्या वर्षी ती ८१ वर्षांची होती. पवित्र आठवड्याच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याच्या, सोमवारी फादर येऊन तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार, देऊन गेले. गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेनंतर, चर्चमधून तिच्यासाठी कम्युनियन, म्हणजे तिथली पवित्र भाकर, आणलं. तिला जेमतेम एक कण घेता आला, वर चमचाभर पाणी. मरणाच्या वाटेवरच्या या कम्युनियनला लॅटिनमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ चक्क वाटेची शिदोरी असा होतो. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. दादा म्हणाला, मी आहे, तू जा. तो तसं म्हणाला होता, हे इथे लिहून ठेवते, कारण आता तो ते नाकारतो.

पवित्र गुरुवारी मिस्सा संपली की कापडं काढून वेदी उघडी करतात, पवित्र साक्रामेंत, म्हणजे तीच पवित्र भाकर, बाजूच्या वेदीवर नेतात आणि मध्यरात्रीपर्यंत लोक पाळीपाळीनं जागरण करतात. माझी पाळी १० ते ११. समोर फलकावर ओळ लिहिली होती, मत्तयच्या २६व्या अध्यायातली, “माझ्याबरोबर तुम्हांला एक तासही जागे राहता आले नाही काय?” मी जागी होते. फोन पर्समध्ये, आवाज बंद करून. १०:१० ला दादाचा मेसेज आला होता, एकच शब्द: ये. मी तो ११ वाजता पाहिला. आई १०:४० ला गेली.

आता भांडण काय आहे ते ऐका. दादा सांगतो की आईनं शेवटी डोळे उघडून विचारलं, “ती कुठंय?” तो म्हणाला, “चर्चमध्ये.” आई म्हणाली, “बरं.” आणि मग काही बोलली नाही. या ‘बरं’वरून आम्ही भावंडं १३ वर्षं भांडतोय. दादाच्या मते ते दुखावलेल्या माणसाचं ‘बरं’ होतं: असू दे, नाही आली तर नाही. माझ्या मते ते बरोबर जागी आहे, असं म्हणणारं ‘बरं’ होतं. वहिनी म्हणते, तिला धाप लागली होती, तुम्ही दोघं एका श्वासाचा अर्थ लावताय. वहिनीचं मी मनावर घेत नाही.

दुसरं भांडण दफनाचं. पवित्र गुरुवारपासून ईस्टरच्या रविवारपर्यंत मृतासाठी दफनाची मिस्सा करता येत नाही. गुड फ्रायडेला तर जगात कुठेच मिस्सा होत नाही. दफनविधी करता येतो, पण गाणं नाही, वाद्य नाही, घंटा नाही. गुरुवारच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताला वाजून घंटा जी मुकी होते ती ईस्टरच्या रात्रीच्या ‘ग्लोरिया’लाच बोलते. दादाला हे पटेना. जो वर्षाकाठी दोनदा चर्चला येतो आणि ‘मेलं की संपलं’ म्हणतो, तोच म्हणायला लागला की आईला सोमवारपर्यंत शवागारात ठेवू आणि मग घंटा, गायकवृंद, सगळं साग्रसंगीत करू. “५० वर्षं राबली ती तुमच्या चर्चसाठी, आणि तिला एक घंटा नाही?” फादरांनी त्याला नियम सांगितला, सूचनाफलक वाचून दाखवावा तसा. खांद्यावर हात ठेवून सांगितला असता तर कदाचित आज मला एवढं लिहावं लागलं नसतं. फादरांची बाजू मी इतर बाबतींत घेते, यात नाही घेणार.

नियमाची बाजू मात्र मी घेतली, कारण ती आईची होती. बऱ्याच वर्षांपूर्वी शेजारच्या आजोबांचं दफन असंच गुड फ्रायडेला झालं होतं आणि त्यांच्या घरचे कुरकुरत होते, तेव्हा आई त्यांना म्हणाली होती, “त्या दिवशी येशूसाठी तरी कुणी घंटा वाजवली होती?” हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, “आईचं सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतेस तू.”

शुक्रवारी सकाळी ९ वाजता आम्ही तिला चर्चमध्ये नेलं. वेदीवर एक कापड नाही. ती ज्यांच्या घड्या घालायची त्यातलं एकही नाही. पवित्र भाकर ठेवायच्या मंजुषेचं दार उघडं, आत काही नाही. इतकं रिकामं चर्च तिनं दर वर्षी स्वतःच्या हातानं केलं होतं, आणि आता ती त्याच्या मधोमध होती. वाचन झालं, प्रार्थना झाल्या, शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडलं. लोक ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणाले तेव्हा वाद्य नसल्यामुळे प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा ऐकू येत होता, दादाचासुद्धा. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

तर ‘खरंच’चं उत्तर. आमच्यातले निम्मे लोक कशावर विश्वास ठेवतात हे त्यांना स्वतःला धड माहीत नसतं, असं माझं मत आहे. दफनभूमीत उभे राहून म्हणतात, “पुढच्या जन्मी भेटू.” कुठला पुढचा जन्म? आमच्यात तो नाही. इब्री लोकांस पत्राचा ९वा अध्याय म्हणतो, माणसाला एकदाच मरायचं असतं. कुणी म्हणतं, ती तारा झाली. अजिबात नाही. दर रविवारी आपण तोंडानं म्हणतो ते मृतांच्या पुनरुत्थानाबद्दल आहे, आणि प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धा कबूल करायच्या जुन्या प्रार्थनेत, तर सरळ देहाचं पुनरुत्थान असा शब्द आहे. म्हणून तर मेलेल्या देहाला आम्ही पाणी शिंपडतो, धूप दाखवतो. दहनाला चर्चनं १९६३ पासून मोकळीक दिली आहे, पण २०१६ मध्ये पुन्हा बजावलं की राख उधळायची नाही, घरात कपाटातही ठेवायची नाही. ज्या देहाचं पुढे काही व्हायचंच नाही, त्याची कुणी एवढी काळजी घेत नाही.

आणि रडण्याबद्दल. लाजरसाच्या थडग्याकडे जाताना येशू रडला. पाच मिनिटांत त्याला उठवणार हे माहीत असून रडला. मार्था तर रस्त्यावर येऊन त्याला सुनावते, “प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता”, आणि त्याच दमात म्हणते की तो शेवटच्या दिवशी उठेल हे मला ठाऊक आहे. तक्रार आणि विश्वास एकाच बाईच्या तोंडी. दादा, हे तुझ्यासाठी होतं.

शनिवारी रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये पास्काची, म्हणजे ईस्टरची, नवी मेणबत्ती आली, तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले. घंटा वाजली तेव्हा मी मनातल्या मनात ती आईच्या नावावर चढवली. असं करायची परवानगी आहे की नाही, मी विचारलेलं नाही. सोमवारच्या मिस्सेत तिचं नाव घेतलं, आणि तेव्हा आलेलुया, उपवासकाळात न म्हणायचा आनंदाचा घोष, तोही होता. दादा आला नाही.

हे सगळं लिहिताना मी एक गोष्ट पुढे ढकलत होते. दादा म्हणाला म्हणून मी गेले हे खरं, पण त्यानं नको म्हटलं असतं तरी बहुधा गेले असते. आई आज जाईल हे मला वाटत होतं. चर्चमध्ये बसणं सोपं होतं. तिथे आईची धाप ऐकू येत नव्हती. तेव्हा तुमच्या घरी कुणी अत्यवस्थ असेल तर जागरणाची पाळी दुसऱ्याला द्या आणि घरी बसा. देव काही हजेरी घेत नाही. (आणि हो, उपवासाचे नियमही आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना ताणून लावू नका. कडक उपवास १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसांसाठीच आहे. तुमच्याकडे काय चालतं ते तुमच्या फादरांना विचारा, मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही.)

माझा स्वतःचा विश्वास खरंच आहे का, हे मला तपासता येत नाही. एवढंच सांगू शकते की आई भेटली की पहिल्यांदा तिला काय विचारायचं हे माझं ठरलेलं आहे. त्या ‘बरं’चा अर्थ. गेल्या ईस्टरला हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “विचार आणि मला कळव.” मी म्हटलं, “तूच विचार की, तूही तिथेच असशील.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बरं.”