घरच्या स्टुडिओसाठी २८ हजारांचा पॉवर सीक्वेन्सर घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: कांदिवलीच्या वन बीएचकेमधल्या एका खोलीत डबिंग आणि व्हॉइसओव्हरचा स्टुडिओ आहे. कॉम्प्युटर, ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र), प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारं यंत्र) आणि दोन पॉवर्ड मॉनिटर (आतच अँप्लिफायर असलेले स्टुडिओ स्पीकर) असं मिळून अडीच लाखांचं सामान. रोज टेबलामागे वाकून पाच बटणं दाबावी लागतात, क्रम चुकला की मॉनिटरमधून जोरात ‘धप्’ आवाज येतो. दुकानदाराने २८,००० रुपयांचा रॅकमध्ये बसणारा सीक्वेन्सर, म्हणजे उपकरणं ठरलेल्या क्रमाने आपोआप चालू-बंद करणारं यंत्र, सुचवलाय, सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. वीज वाचेल, करही वाचेल म्हणतो. घरखर्च महिना ४५,०००, शिल्लक ९०,०००, आणि कामाचे पैसे हाती यायला दोन-तीन महिने लागतात.

आत्ता घेऊ नका. अडचण खरी आहे, पण ती साडेचार हजारांच्या आत सुटते.

आधी त्या आवाजाबद्दल. इंटरफेस किंवा प्रीअँप चालू-बंद होताना त्याच्या आउटपुटवर क्षणभर झटका येतो. मॉनिटर तेव्हा चालू असेल तर तो झटका वाढवून स्पीकरपर्यंत पोचवतो, आणि ट्वीटरला (बारीक, उंच आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरला) हे रोज सोसत नाही. म्हणून मॉनिटर सर्वांत शेवटी चालू करायचे आणि सर्वांत आधी बंद. सीक्वेन्सर हेच काम टायमर आणि रिले (विजेने चालणारे स्विच) लावून करतो, बहुतेकांत आठ आउटलेट असतात. तुमचा क्रम मात्र फक्त दोन टप्प्यांचा आहे.

तेव्हा दोन एक्स्टेन्शन बोर्ड करा. पहिल्यावर कॉम्प्युटर, इंटरफेस, प्रीअँप. दुसऱ्यावर फक्त दोन मॉनिटर. इलेक्ट्रिशियनकडून टेबलाशेजारी, बसल्या जागी हात पोचेल अशा उंचीवर, दोन ६ अँपिअरचे स्विच-सॉकेट काढून घ्या आणि दोन्ही एकाच सर्किटवरून घ्या. अर्थिंगच्या वाटा वेगळ्या झाल्या की मॉनिटरमध्ये गुणगुण सुरू होते. एसीचा पॉइंट त्या सर्किटवर नको. तुमचं सगळं सामान मिळून ५०० वॅट धरलं तरी जेमतेम सव्वादोन अँपिअर होतात, त्यामुळे ६ अँपिअर पुरेसे आहेत. बोर्ड आयएसआय मार्कचे, तीन पिनांचे, तांब्याच्या वायरचे घ्या. लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, माल आणलात तर मजुरीसकट माझ्या अंदाजात बसावं.

चालू करताना पहिला स्विच, इंटरफेस कॉम्प्युटरला दिसेपर्यंत थांबा, मग दुसरा. बंद करताना आधी मॉनिटरचा स्विच, मग ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकला वीज पुरवणारं बटण), मग कॉम्प्युटर नीट शट डाउन, आणि शेवटी पहिला स्विच. हार्ड डिस्क चालू असताना बोर्डच बंद केला तर रेकॉर्डिंगची फाइल जाऊ शकते. क्लायंटचं काम पुन्हा करावं लागणं हा इथला सर्वांत मोठा आर्थिक धोका आहे. एक गोष्ट आजच तपासा: मॉनिटरचं मागचं बटण चालू ठेवून सॉकेटचा स्विच बंद-चालू केल्यावर मॉनिटर आपोआप सुरू होतात का? काही मॉडेल स्टँडबायमध्येच राहतात. तसं असेल तर बटण दाबावंच लागेल, आणि सीक्वेन्सर घेऊनही ते टळणार नाही.

स्मार्ट प्लगही चालतो, पण वीज जाऊन आली की काही प्लग आधीच्या स्थितीत परततात. मग सगळं एकदम चालू होतं आणि पुन्हा धप्. ॲपमध्ये ‘वीज आल्यावर बंद’ हा पर्याय नसेल तर मॉनिटरला तो लावू नका.

आता विजेचा हिशेब. रिकामं बसलेलं सामान ५० वॅट खातं आणि दिवसाचे १६ तास उगाच चालू राहतं असं धरू. दिवसाला ०.८ युनिट, महिन्याला २४. युनिटला १० रुपये धरले तर महिना २४०, वर्षाला २,८८० रुपये. (तुमचा खरा दर बिलावरच्या शेवटच्या स्लॅबमध्ये दिसेल.) ही बचत सीक्वेन्सरची नाही, बंद करण्याची आहे. भिंतीवरचा स्विचही तेवढीच करतो.

कराचा मुद्दा त्याहून कच्चा. तुम्ही आयकराच्या अनुमानित उत्पन्न योजनेखाली (जुन्या कायद्यातलं कलम ४४एडीए), म्हणजे निम्मी मिळकत नफा धरून, विवरणपत्र भरत असाल तर यंत्राचा खर्च वेगळा वजा होत नाही. वाचणारा कर शून्य. हिशेबाची वही ठेवत असाल तर १५ टक्के घसारा (यंत्राच्या झिजेपोटी मिळणारी वजावट), म्हणजे पहिल्या वर्षी ४,२०० रुपये. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह कर वाचतो सुमारे ८७५ रुपये, आणि यंत्र त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्याच्या निम्मा.

सीक्वेन्सर घेतला की सामान सुरक्षित, हाही गैरसमज आहे. पुष्कळ सीक्वेन्सर नुसते टायमर असतात. सर्ज प्रोटेक्टर वेगळा लागतो, त्यातला झटका शोषणारा भाग, व्हॅरिस्टर, प्रत्येक झटक्याने झिजतो, म्हणून इंडिकेटर विझला की बदलायचा. आणि अर्थिंग धड नसेल तर त्याचा उपयोग फार कमी. जुन्या इमारतीत हे आधी मोजून घ्या: न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येत असतील तर पहिला खर्च तिथे. अडीच लाखांच्या सामानासाठी इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट विम्याचं कोटेशनही मागा; साध्या गृहविम्यात व्यवसायाचं सामान अनेकदा वगळलेलं असतं, आणि विजेच्या झटक्याने झालेलं नुकसानही.

राहिला हप्ता. नो-कॉस्टमध्ये बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट देतं. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि असेल तर प्रोसेसिंग फी तुमच्या माथी. रक्कम छोटी आहे. मला काळजी दुसरीच वाटते: महिना साधारण ४,६७० रुपयांचा हप्ता, आणि हाताशी दोनच महिन्यांचा घरखर्च. एक पेमेंट लांबलं तर हप्ता क्रेडिट कार्डावर थकेल, आणि तिथलं व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात जातं. ते ४,६७० दर महिन्याला लिक्विड फंडात किंवा स्वीप-इन एफडीत टाका, शिल्लक २,७०,०००, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, होईपर्यंत. मोठं पेमेंट आलं की त्यातलाही वाटा तिकडेच.

खोली तासावर भाड्याने देऊ लागलात, दुसरं कोणी स्टुडिओ उघडू लागलं किंवा रॅकमध्ये सहा-सात उपकरणं झाली, तर सीक्वेन्सर जरूर घ्या, रोख पैशाने. तेव्हा दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: बंद करताना क्रम आपोआप उलटा होतो का, आणि अचानक वीज जाऊन आली तर यंत्र काय करतं.