आयसीयूतल्या पेशंटला हॉस्पिटलचं इन्फेक्शन होणार, हे आधी कळतं का?

तुमचे वडील चार दिवस व्हेंटिलेटरवर आहेत आणि डॉक्टर "इन्फेक्शनची रिस्क आहे" एवढंच सांगून जातात, असं तुम्ही लिहिलंय. त्या एका वाक्याने घरच्यांची झोप कशी उडते, ते मी रोज बघते. मी आयसीयूत इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघणारी सिस्टर आहे.

होणारच किंवा होणार नाही, असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. धोका किती, याचा अंदाज मात्र बांधता येतो. राउंडला गेले की मी आधी नळ्या मोजते: घशातली, मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), लघवीची. मग प्रत्येक नळीला किती दिवस झाले ते बघते. लघवीची नळी राहिली की दर दिवसामागे लघवीच्या इन्फेक्शनचा धोका साधारण 3 ते 7 टक्के वाढतो. वय, मधुमेह, स्टेरॉइड, काढून पुन्हा घालावी लागलेली घशातली नळी, हे सगळं त्यात धरायचं.

कॉम्प्युटरचे अंदाजही आलेत. पण अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलात सेप्सिस (इन्फेक्शनमुळे शरीरभर होणारी जीवघेणी गुंतागुंत) ओळखणाऱ्या अशाच एका प्रोग्रॅमची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. सेप्सिस झालेल्या दर तीन पेशंटांमागे साधारण दोघं त्यातून निसटले होते. म्हणून मी सक्शन करताना, म्हणजे नळीतून कफ ओढून काढताना, तो कफ स्वतः बघते. काल पांढरा, पातळ होता. आज पिवळा, चिकट आला, व्हेंटिलेटरवरचा ऑक्सिजन 40 टक्क्यांवरून 60 वर न्यावा लागला, ताप चढला, की डॉक्टरांना लगेच सांगायचं आणि कल्चर (कुठले जंतू आहेत ते शोधणारी तपासणी) पाठवायचं.

त्याच मिशिगन राज्यात त्याआधी शंभरावर आयसीयूंनी साध्या पाच गोष्टी नेमाने केल्या: हात धुणं, लाइन घालताना पूर्ण निर्जंतुक चादर, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, शक्यतो मांडीतून लाइन न घालणं आणि गरज संपली की ती काढणं. सेंट्रल लाइनमुळे रक्तात होणाऱ्या इन्फेक्शनमध्ये 66 टक्क्यांपर्यंत घट झाली. ते आकडे आठवले की मला अजून बळ येतं.

भेटीच्या वेळेत तुम्ही हात धुऊनच आत जा. मनाई नसेल तर डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर आहे ना, लाइनच्या ड्रेसिंगवर तारीख आहे ना, लघवीची पिशवी जमिनीला टेकलेली नाही ना, एवढं बघा. आणि सिस्टरला रोज विचारा, "आज कुठली नळी काढता येईल?" संकोच करू नका. मागे एका मुलाने मला हेच विचारलं. डॉक्टरांशी बोलून त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या आईची लघवीची नळी काढली.