नसबंदीनंतरचे पंधरा दिवस

प्रश्न : आमचा मोती देशी, अडीच वर्षांचा, वजन १८ किलो. परवा त्याची नसबंदी केली. पहिली रात्र नुसता पडून होता, आता मात्र सोफ्यावर उड्या मारतोय. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लॅस्टिकचा कोन त्याला नकोसा होतो, सारखा दारांवर आपटतो. काढला तर चालेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, कोन राहू द्या. मोती उड्या मारतोय ते औषधाने दुखणं दबलंय म्हणून. पहिले चार-पाच दिवस जखमेला स्वतःची ताकद जवळजवळ नसतेच, सगळा भार टाक्यांच्या दोऱ्यावर असतो. पुढे जखम भरू लागते तशी खाजते, आणि नेमकं तेव्हाच घरातले ‘आता बरा आहे’ म्हणत कोन काढतात. टाके उसवायला कुत्र्याला दहा मिनिटंही पुष्कळ झाली. चाटून जखम भरते हा समजही सोडा. तोंडातल्या जंतूंनीच टाक्यांत पू होतो.

कोनाचं माप मात्र तपासा. कड नाकाच्या टोकापुढे तीनेक सेंटीमीटर यावी आणि गळ्याशी दोन बोटं सहज सरकावीत. फार लांब कोन उगाच आपटतो, आखूड असला तर जीभ जखमेपर्यंत पोचते. वाडगं पाटावर ठेवलं की कोनासकट जेवता येतं. जुना टी-शर्ट घालण्याचा उपाय मादीला ठीक; नराचा छेद बहुधा वृषणाच्या पिशवीच्या जरा पुढे असतो, तिथलं कापड लघवीने भिजतं.

उड्या का नकोत? वृषण काढले तरी पिशवी तशीच राहते. फार हालचाल झाली की बारीक रक्तवाहिन्यांतून त्या रिकाम्या पिशवीत रक्त झिरपतं आणि ती टम्म, जांभळी होते. तेव्हा सोफ्यावर खुर्च्या उलट्या ठेवा, गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका. आखूड पट्ट्याने दिवसातून तीन-चारदा पाच-दहा मिनिटं बाहेर न्या, शी-शूपुरतंच. जिना असेल तर उचलून न्या : एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांमागून, पोटाखालून अजिबात नको. आंघोळ टाके निघेपर्यंत बंद.

जखम रोज दोनदा उजेडात बघा आणि फोटो काढून ठेवा. कालच्यापेक्षा सूज वाढली की नाही हे आठवणीवर ठरत नाही. कडा जुळलेल्या, किंचित गुलाबी, पहिल्या दिवशी लालसर पाण्याचे दोन-चार थेंब, इतकं चालतं. भूल देताना घशात घातलेल्या नळीमुळे एक-दोन दिवस खोकला येतो, दोन-तीन दिवस शी होत नाही, त्यालाही घाबरू नका. पण थेंबथेंब रक्त थांबत नसेल, कडा फाकल्या, पिवळा-हिरवा पू किंवा दुर्गंधी आली, पिशवी पूर्वीपेक्षा मोठी आणि कडक झाली, गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप १०३ फॅरनहाइटच्या वर भरला, चोवीस तास लघवी झाली नाही किंवा खाणं सुटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हिरड्या पांढुरक्या पडल्या तर रात्रही काढू नका.

प्रश्न : नसबंदीनंतर दुखण्यावर मेलोक्सिकॅमचं पातळ औषध दिलंय. तरी कुत्रा पहिल्या रात्री कण्हत होता. घरातली माणसांची दुखण्यावरची अर्धी गोळी दिली तर?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नको. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मेलोक्सिकॅमच्या जोडीला तर धोका आणखी वाढतो. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नका. पहिल्या रात्रीचं कण्हणं बऱ्याचदा उतरणाऱ्या भुलीचं असतं. अंगाखाली गादी द्या, वर चादर घाला, एकदा लघवीला बाहेर न्या, मग बघा.

मेलोक्सिकॅमचा नेहमीचा हिशोब पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे दिवसातून एकदाच ०.१ मिलिग्रॅम. बाटलीवर १.५ मिलिग्रॅम प्रति मिली असेल तर १८ किलोच्या कुत्र्याला दुसऱ्या दिवसापासून १.२ मिली. बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात, म्हणून ‘चमचाभर’ हे माप धरू नका, सुई काढलेल्या सिरिंजने मोजा. हा हिशोब ताडून बघण्यापुरता. डोस डॉक्टरांनी लिहिलेलाच. औषध जेवणानंतरच द्या. उलटी किंवा काळी शी झाली तर बंद करून फोन करा. खाजेसाठी आधीपासून स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

प्रश्न : आमच्या लॅब्रॅडॉर मादीच्या ऑपरेशनला सहा दिवस झाले. टाक्यांखाली लिंबाएवढी मऊ गाठ आलीय. फोडून घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फोडू नका. मऊ, गार, दाबल्यावर न दुखणारी गाठ बहुधा साचलेल्या पाण्याची असते. जड, खेळकर कुत्र्यांत हे फार दिसतं, कारण कातडी आणि खालचा थर एकमेकांवर घसरत राहतात. हालचाल कमी केली की दोन-चार आठवड्यांत जिरते. सुई घातली तर बाहेरचे जंतू आत जातात. तरी डॉक्टरांना एकदा दाखवाच, कारण आतला थर उसवून पोटातली चरबी किंवा आतडं बाहेर आलं तरी सुरुवातीला गाठ अशीच दिसते. बोटाने दाबल्यावर ती आत सरकत असेल किंवा तासातासाला वाढत असेल तर थांबू नका. गाठ गरम, लाल, दुखरी असेल तर जंतुसंसर्ग समजा.

प्रश्न : वृषण काढले, तरी उत्तेजित झाल्यावर कुत्र्याला तिथे दोन गाठी येतात. ऑपरेशन अर्धवट राहिलं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. शिश्नाच्या मुळाशी असलेला भाग तेव्हा रक्त भरून दोन्ही बाजूंनी फुगतो, नसबंदी झालेल्या कुत्र्यातही. मात्र वीर्यनलिकेत शुक्रजंतू उरलेले असतात, म्हणून महिना-सव्वा महिना त्याला माजावर आलेल्या मादीजवळ सोडू नका. गल्लीत पिल्लं झाल्यावर डॉक्टरांशी भांडण होतं ते बहुतेक यामुळेच.

प्रश्न : आमचा कुत्रा गोठ्याजवळ राहतो. टाक्यांवर हळद आणि खोबरेल तेल लावावं का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : जखम कोरडी ठेवा, हेच तिचं औषध. हळदीची पूड टाक्यांत अडकून खपली ओली ठेवते, तेलाला धूळ चिकटते आणि कुत्रा ते चाटतो. डेटॉलने कातडी भाजते. तुमची खरी अडचण माश्या. पावसाळ्यात ओल्या जखमेवर माशी बसली की एका दिवसातही अळ्या पडू शकतात. दहा दिवस त्याला शेणामुतापासून दूर, पडवीत किंवा घरात बांधा. माश्या पळवणारा जनावरांचा स्प्रे डॉक्टरांना विचारून जखमेभोवती मारा. टाक्यांत वळवळ दिसली तर चिमट्याने उपसत बसू नका, गाडीत घाला.

टाके निघाले की खाणं जवळपास पाव हिश्शाने कमी करा. नसबंदीनंतर भूक वाढते आणि अंगाची गरज घटते. महिन्यातून एकदा वजन करा, बरगड्या हाताला लागेनाशा झाल्या तर आणखी कमी करा.